तालमीचा परवाना

बँकेचं ॲप रविवारी मध्यरात्री दोन-तीन तास बंद असतं. 'देखभालीसाठी सेवा खंडित' असा निरोप झळकतो आणि सोमवारी सकाळी ॲपमध्ये एखादं नवं बटण दिसतं. ते बटण काही त्या रात्री जन्माला आलेलं नसतं. त्याआधी कित्येक आठवडे बँकेच्या डेटाबेसची वेगळी प्रत उभी करून, तिच्यावर ते शेकडो वेळा दाबून पाहिलेलं असतं. सॉफ्टवेअरवाले या प्रतींना डेव्हलपमेंट आणि टेस्ट एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. जिथे खरा ग्राहक आणि खरा पैसा येतो, ते प्रॉडक्शन. नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एक तालीम आणि दुसरा प्रयोग.

आता प्रश्न असा, की तालमीच्या प्रतीसाठीही डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीला पैसे द्यायचे का? आणि द्यायचे तर प्रयोगाएवढेच? वरवर पाहता हा कंपन्यांच्या खरेदी विभागाचा विषय वाटतो. दरअसल गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या प्रश्नाला जी उत्तरं मिळत गेली, त्यांवरून कुणाला हे शास्त्र शिकता येईल आणि कुणाला नाही, तेही ठरत गेलं.

'तालीम' हा मूळ अरबी शब्द. उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत येताना तो आखाड्यात आणि नाटकाच्या सरावात रुळला. 'परवाना' फारसीतून आला, म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेलं लेखी आज्ञापत्र. या लेखातल्या सॉफ्टवेअर परवान्यांना तो जुना अर्थ आजच्या अर्थापेक्षा जास्त शोभतो. असो.

मुळात सॉफ्टवेअर ही वेगळी विकायची वस्तूच नव्हती. १९६० च्या दशकात आयबीएमचं मशीन भाड्याने घेतलं की प्रोग्राम, मदतीचे इंजिनीअर, प्रशिक्षण असं सगळं त्याच भाड्यात येई. मशीन खोलीभर आणि बहुतेक ठिकाणी एकच. दिवसा पगारपत्रकं नि हिशेब, रात्री उरलेल्या वेळात प्रोग्रामरांच्या चाचण्या. तालीम आणि प्रयोग एकाच रंगमंचावर चालायचे, त्यामुळे वेगळ्या परवान्याचा प्रश्न कुणाला पडला नाही. पुढे अमेरिकी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला आणि त्याच वर्षी, २३ जून १९६९ रोजी, कंपनीने जाहीर केलं की यापुढे सॉफ्टवेअर आणि सेवांची किंमत वेगळी लागेल. सॉफ्टवेअर विकण्याचा स्वतंत्र धंदा खऱ्या अर्थाने इथून उभा राहिला.

पुढच्याच वर्षी आयबीएमच्याच सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांमध्ये मांडावी आणि ती कुठे, कशी ठेवली आहे हे न कळताही वापरणाऱ्याला ती मागता यावी, ही त्याची कल्पना. आजच्या बहुतेक डेटाबेसचं मूळ तिथे आहे. आयबीएमकडे तेव्हा आयएमएस नावाचं दुसऱ्या पद्धतीचं चालतं उत्पादन होतं, त्यामुळे कंपनी रमतगमत चालली. बाहेरचे लोक तेवढे थांबले नाहीत. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी 'इन्ग्रेस' बांधायला घेतलं. १९७७ साली लॅरी एलिसन, बॉब मायनर आणि एड ओट्स यांनी एक छोटी कंपनी काढली, तीच पुढची ओरॅकल. १९७९ साली तिचा डेटाबेस बाजारात आला, तो थेट 'आवृत्ती २' म्हणून. पहिली आवृत्ती कोण विकत घेणार, असा त्यामागचा व्यवहारी हिशेब.

या दोन घरांचे रिवाज पहिल्यापासून वेगळे. इन्ग्रेसची टेप किरकोळ खर्चात मिळे, तीही मूळ सोर्स कोडसकट. घ्या, उघडा, मोडा, बदला. ओरॅकलचा परवाना मात्र विक्रेत्याचा होता. काय चालेल आणि काय चालणार नाही, हे तो सांगणार.

'काय चालणार नाही' याचा एक नमुना लवकरच दिसला. १९८३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेव्हिड डेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या डेटाबेसना एकसारखी कामं देऊन कोण किती वेळ घेतो ते मोजलं. चाचणीच ती, अगदी शब्दशः. तीत ओरॅकलची कामगिरी वाईट निघाली आणि आकडे नावानिशी छापले गेले. डेविट यांनी पुढे सांगितलेली हकिगत अशी, की एलिसन यांनी त्यांच्या विभागप्रमुखाला फोन करून या माणसाला काढून टाका, अशी मागणी केली. विद्यापीठाने काढलं नाही. मग ओरॅकलच्या परवान्यात एक कलम आलं. आमच्या लेखी संमतीशिवाय कामगिरीच्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर करता येणार नाहीत! धंद्यात हे कलम 'डेविट कलम' म्हणूनच ओळखलं जातं. पुढे अनेक कंपन्यांनी ते उचललं, मायक्रोसॉफ्टनेही. आणि मौज अशी, की २००८ साली हेच डेविट मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

तेव्हापासून संशोधनपर निबंधांमध्ये 'डीबीएमएस-एक्स' असा अनामिक डेटाबेस भेटतो. नाव घ्यायचं नाही, म्हणून एक्स. विद्यापीठातला माणूस स्वतःच्या मशीनवर पाहिलेली गोष्ट स्वतःच्या नावाने सांगू शकत नाही. दुसऱ्या कुठल्या शास्त्राने हे इतक्या मुकाट्याने खपवून घेतलं असतं असं वाटत नाही.

आता पैशाकडे येऊ. ओरॅकलच्या एंटरप्राइझ आवृत्तीची किंमत, कंपनीच्या जाहीर यादीनुसार, वर्षानुवर्षं प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर आहे. इंटेलच्या चिपवर दोन कोअर मिळून एक प्रोसेसर धरतात. म्हणजे आठ कोअरच्या एका मध्यम सर्व्हरला चार परवाने, १,९०,००० डॉलर. दुसरा मार्ग माणसं मोजायचा. प्रत्येक नावामागे ९५० डॉलर. पाच प्रोग्रामरांचा चाचणी सर्व्हर असेल तर पाच नावं पुरतील असं कुणालाही वाटेल. पण नियम सांगतो, प्रोसेसरमागे किमान २५ नावं घ्यायलाच हवीत. चार प्रोसेसर, शंभर नावं, ९५,००० डॉलर. शिवाय सपोर्ट हवा असेल तर त्यावर दरसाल २२ टक्के. प्रत्यक्षात मोठ्या गिऱ्हाइकाला घसघशीत सूट मिळते हे खरं, पण सूट मागायची ताकदही मोठ्यांकडेच असते. एकही ग्राहक न येणाऱ्या मशीनचा हा हिशेब आहे, हे विसरू नये.

यातून एक वाट कंपनीनेच काढून दिली होती. संकेतस्थळावरून पूर्ण डेटाबेस फुकट उतरवून घ्या. मात्र तो फक्त ॲप बांधायला, तपासायला, नमुना करायला आणि दाखवायला. स्वतःच्या संस्थेचं कामकाज त्यावर चालवायचं नाही. वाचायला सोपं वाटतं. पण ॲप बांधून झालं, सुरू झालं आणि सहा महिन्यांनी त्यातली एक चूक शोधायला प्रोग्रामरने पुन्हा तीच जुनी प्रत उघडली, तर ती तालीम की चालू प्रयोगाची डागडुजी? अशा जागी विक्रेता एक अर्थ लावतो, गिऱ्हाईक दुसरा. आणि विक्रेत्याकडे तपासणीचा हक्क असतो. ओरॅकलच्या करारात ४५ दिवसांची लेखी सूचना देऊन तपासणी करण्याची तरतूद असते. कोणती महागडी सोय कधी वापरली गेली, याची नोंद डेटाबेस स्वतःच्या पोटात ठेवत जातो. पैसे लागणाऱ्या काही सोयी आधीपासूनच बसवलेल्या असतात, दाराला कुलूप नसतं. आत पाऊल टाकलं की वहीत टिंब पडतं.

आपल्याकडे हा सगळा खेळ १९९० च्या दशकात पोचला. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासचे फलक लागले होते आणि बायोडेटावर 'व्हीबी-ओरॅकल' ही जोडी असली की नोकरीचं दार किलकिलं व्हायचं. घरात पहिल्यांदाच कॉम्प्युटरला हात लावणारं पोर, मग ते मालेगावचं असो की मिरजेचं, क्लासमध्ये मिळणाऱ्या तासाभरात काय शिकणार? सराव हवा. सरावाला डेटाबेस हवा. आणि डेटाबेसची किंमत डॉलरमध्ये. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची, शंभर-दीडशे रुपयांची सीडी यायची. तीवर जगातलं सगळं सॉफ्टवेअर मावायचं.

कायदा याकडे कसा पाहत होता? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन कलम ६३-ब आलं. सॉफ्टवेअरची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. मात्र त्याच कलमाच्या शेपटीला एक सवलत आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. तालीम आणि प्रयोग वेगळे आहेत, हे कायद्याला अंधुकपणे का होईना, कळत होतं. दंड तरीही होताच, आणि त्या काळी ५० हजार म्हणजे कित्येक घरांची वर्षाची कमाई. भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या गौरवगाथा आपण खूप वाचतो. त्यातल्या किती हातांनी पहिली आज्ञा कॉपी केलेल्या सीडीवर टाइप केली होती, ते गौरवगाथांमध्ये येत नाही.

कंपन्यांनाही हे ठाऊक होतं. शिकणारा माणूस ज्या डेटाबेसवर शिकतो, नोकरी लागल्यावर तोच डेटाबेस मागतो. म्हणून फुकट प्रतींचे दोन प्रकार निघाले, आणि त्यांतला फरक पाहण्यासारखा आहे.

पहिला प्रकार, लहान पण खरा. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हरचं 'एमएसडीई' नावाचं छोटं रूप दिलं. दोन जीबीपर्यंत माहिती, आणि एका वेळी पाचाहून जास्त कामं आली की ते मुद्दाम मंद व्हायचं. ते इतर कितीतरी सॉफ्टवेअरच्या पोटातून आपोआप मशीनवर यायचं. अनेकांना आपल्याकडे डेटाबेस बसला आहे याचा पत्ताच नसे. २५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' नावाचा किडा सुटला. आकार अवघा ३७६ बाइट, ज्याला धरायचं तो एसक्यूएल सर्व्हर आणि त्याचं हे धाकटं भावंडं. दहा मिनिटांत त्याने जगभरची बहुतेक असुरक्षित मशिन्स गाठली. आकडा ७५ हजारांच्या घरात. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाची एटीएम अडली, सिॲटलजवळ आपत्कालीन फोनसेवा कोलमडली. या छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधीच दिली होती. पण जी प्रत आपल्याकडे आहे हेच माहीत नाही, जी 'फक्त टेस्टिंगची' म्हणून कोपऱ्यात पडली आहे, तिला ठिगळ कोण लावणार? तालमीचा हॉल समजून कुणी कुलूप लावलं नाही, आणि चोर तिथूनच शिरला.

पुढे एमएसडीईच्या जागी २००५ साली चार जीबीची 'एक्सप्रेस' आवृत्ती आली. ओरॅकलनेही चार जीबी, एक प्रोसेसर आणि एक जीबी मेमरी अशा मर्यादेची 'एक्सप्रेस' काढली. आयबीएमने २००६ च्या सुरुवातीला डीबी२ चं 'एक्सप्रेस-सी' दिलं. तिघांनी एकाच सुमाराला उदार व्हावं हा योगायोग नव्हता. मायएसक्यूएल २००० सालापासून मुक्त परवान्यावर मिळत होतं. बर्कलीच्या इन्ग्रेसनंतर तिथेच सुरू झालेल्या पोस्टग्रेसचं रूप १९९६ पासून पोस्टग्रेएसक्यूएल या नावाने फिरत होतं. या दोघांच्या परवान्यात तालीम नि प्रयोग अशी रेघच नाही. एक प्रत चालवा, हजार चालवा, आकडे छापा, कुणी विचारणार नाही. व्हीबी-ओरॅकलवाल्या पिढीच्या पाठची पिढी त्यावर शिकू लागली, तेव्हा मोठ्यांना घाम फुटला.

दुसरा प्रकार, पूर्ण पण खोटा. मायक्रोसॉफ्टची 'डेव्हलपर' आवृत्ती म्हणजे सर्वांत महाग एंटरप्राइझ आवृत्तीच, एकही सोय कमी नाही. अट एवढीच, की खरं कामकाज तिच्यावर चालवायचं नाही. तिची किंमत २००३ साली ४९९ डॉलरवरून ४९ वर आली आणि २०१६ साली ती फुकट झाली. मला स्वतःला हा प्रकार जास्त प्रामाणिक वाटतो, कारण शिकणाऱ्याला अख्खं यंत्र उघडून पाहता येतं. पण त्यात एक मेख आहे. प्रोग्रामर फुकटच्या प्रतीवर एंटरप्राइझच्या सोयी वापरून ॲप बांधतो. सगळं उत्तम चालतं. मालकाने प्रयोगासाठी मात्र स्वस्तातली स्टँडर्ड आवृत्ती घेतलेली असते, आणि ऐन रात्री कळतं की ही सोय इथे नाहीच. आता कोड पुन्हा लिहा, नाहीतर महागडा परवाना घ्या. लिहायला वेळ नसतो, परवाना घेतला जातो. नोव्हेंबर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने यांतल्या बऱ्याच सोयी खालच्या आवृत्त्यांना देऊन टाकल्या, तेव्हा हा फास सैल झाला. आणि 'स्टँडर्ड डेव्हलपर', म्हणजे जे विकत घेणार त्याचीच नेमकी तालीम करण्याची प्रत, ती यायला एसक्यूएल सर्व्हर २०२५ उजाडावं लागलं. ओरॅकलनेही २०२३ साली आपल्या फुकट आवृत्तीच्या नावातच 'फ्री' घातलं आणि ती आधी डेव्हलपरांच्या हाती दिली.

गंमत म्हणजे, मुक्त परवान्याचे पुरस्कर्तेच मधल्या काळात रेघ आखायला शिकले. मायएसक्यूएलचे जनक मायकेल विडेनियस यांच्या मारियाडीबी कंपनीने २०१६ साली एका उत्पादनाला 'बिझनेस सोर्स लायसन्स' लावलं. सोर्स कोड सगळ्यांसमोर, शिकणं आणि तपासणं फुकट, प्रॉडक्शनमध्ये मात्र मर्यादा. जास्तीत जास्त चार वर्षांनी ती आवृत्ती आपोआप मुक्त होते. २०१९ साली कॉकरोचडीबीनेही हीच पद्धत घेतली. मोठ्या क्लाउड कंपन्या आमचं फुकटचं काम भाड्याने देऊन पैसा करतात, ही या मंडळींची तक्रार होती, आणि ती खोटी नाही.

पण रेघ कुणीही आखो, ती न्यायालयात किती टिकते? त्यासाठी एका खटल्याकडे पाहायला हवं. सॉफ्टवेअर डेटाबेसचं नव्हे, सांख्यिकीचं. परवाना मात्र अस्सल तालमीचा. नॉर्थ कॅरोलिनातली सॅस ही कंपनी 'लर्निंग एडिशन' विकत असे. अट अशी, की प्रॉडक्शनसाठी वापरायचं नाही. ब्रिटनमधल्या वर्ल्ड प्रोग्रामिंग या छोट्या कंपनीने त्या प्रती विकत घेतल्या, त्यांचं वागणं बारकाईने तपासलं आणि तसंच चालणारं स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलं. कोडची चोरी नाही, नुसतं निरीक्षण. २ मे २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की परवानाधारकाला प्रोग्राम पाहण्याचा, अभ्यासण्याचा, तपासण्याचा हक्क आहे आणि प्रोग्राम काय काम करतो यावर कुणाचा कॉपीराइट नसतो. अमेरिकेत उलट झालं. २०१५ साली ज्युरीने करारभंग आणि फसवणूक ठरवली आणि तिप्पट होऊन भरपाईचा आकडा ७.९ कोटी डॉलरवर गेला. पुढे इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ही अमेरिकी वसुली आपल्या देशात करू द्यायला नकार दिला. एकच परवाना, एकच कलम. अटलांटिकच्या एका काठावर अभ्यास, दुसऱ्या काठावर फसवणूक.

भारताचा कायदा या बाबतीत शब्दाने युरोपच्या जवळ आहे. १९९९ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये तीन सवलती घातल्या. दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढणं, प्रोग्राममागच्या कल्पना समजून घेण्यासाठी त्याचं निरीक्षण, अभ्यास वा चाचणी करणं, आणि स्वतः रीतसर मिळवलेल्या प्रतीवरून बिगरव्यापारी, वैयक्तिक वापरासाठी प्रती काढणं. यांना कॉपीराइटचा भंग समजायचं नाही. लॅमिंग्टन रोडची सीडी यात बसत नाही, कारण ती रीतसर मिळवलेली नसते. फुकट उतरवून घेतलेली डेव्हलपर प्रत बसते.

फरक एका वाक्याचा आहे. निरीक्षण, अभ्यास आणि चाचणीचा हक्क करारात काढून घेतला असेल तर करारातलं ते कलमच रद्दबातल, असं युरोपने आपल्या १९९१ च्या निर्देशातच लिहून टाकलं. आपल्या कलम ५२ मध्ये तसं वाक्य नाही. त्यामुळे पुण्याच्या हिंजवडीत बसून परदेशी बँकेचा डेटाबेस तपासणारा टेस्टर जेव्हा 'मला मान्य आहे' या चौकटीवर टिचकी मारतो, तेव्हा कायद्याने दिलेलं त्यातलं किती त्याच्याकडे उरतं, हे ठरवायला आधी कुणीतरी भारतातल्या न्यायालयात तसा दावा घेऊन जायला हवं.